चोवीस फूट नळ

१

जानराव मिस्त्रीनं पोलादी फीत तिसऱ्यांदा गुंडाळली, कपाळावरचा घाम पुसला आणि दुर्गाबाईंकडे न बघताच आकडा सांगितला.

"दोनशे शहात्तर. बाई, तीनदा मोजलं. तेवढंच भरून राह्यलं."

दुर्गाबाईंच्या हातात त्यांचं अंदाजपत्रक होतं. त्यावर त्यांच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं : लोखंडी नळ, एक इंची, तीनशे फूट, दर सहा आणे, एकूण एकशे बारा रुपये आठ आणे. खाली 'माप मिळाले' म्हणून सहदेव माळ्याचा अंगठा. शनिवारी तीनशे फूट नळ मोजून छपरीत ठेवला होता. आज सोमवार, आणि त्यातला चोवीस फूट गायब होता.

नळ जुना, अकोल्याच्या मोडीत निघालेल्या एका कापसाच्या जिनातला. कुठला तुकडा सात फुटांचा, कुठला साडेतीनचा. फुटावर विकत घेतलेल्या मालाचे तुकडे कोण मोजतो? कोणीच मोजले नव्हते.

"छपरीची किल्ली कोणाजवळ असते?" महादेवरावांनी ओसरीवरूनच विचारलं. हे दुर्गाबाईंचे धाकटे दीर. नायब तहसीलदारीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण चोर वासावरून ओळखता येतो ही त्यांची समजूत काही निवृत्त झाली नव्हती. "सहदेवजवळ. माप कोणी घेतलं? सहदेवनं. अन् काल भरदुपारी झाकलेली बंडी घेऊन वलगावला कोण गेलं? तेही सहदेवच. वहिनी, आणखी काय पुरावा पाहिजे?"

सहदेव निंबाखाली उभा होता. साठीचा माणूस, पण उभा राहिला की एक हात गुडघ्यावर जायचा.

"बाई, शनिवारी सहा दोऱ्या भरल्या. माह्या डोळ्यानं भरल्या," तो म्हणाला. "पन्नास फुटाची दोरी, सहा दोऱ्या, तीनशे. आज कमी कावून भरते, मले नाही समजून राह्यलं."

"आणि बंडीत काय होतं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

सहदेवनं मान खाली घातली.

"तेवढं नोका विचारू, बाई."

महादेवरावांनी विजयी मुद्रेनं छत्री उचलली. गुरुवारी सकाळी कोतवालीत फिर्याद देणार, असं त्यांनी जाहीर केलं. सहदेव एवढंच म्हणाला, "मंग गुरुवारपर्यंत मी इथंच हाय. पळणाऱ्यातला नाही मी."

२

अमरावतीच्या कॅम्पात त्या काळी हिरवळ म्हणजे साहेबांच्या बंगल्यांची मिरास. दुर्गाबाई नांदगाव खंडेश्वरच्या शेतकरी घराण्यातल्या, मुलींच्या शाळेत गणित शिकवता शिकवता मुख्याध्यापिका झालेल्या. त्यांनी बंगल्यापुढे हरळीची हिरवळ केली ती शाळेतल्या मुलींना अनवाणी खेळायला. केली म्हणजे काय, सहदेवनं केली. दोन हातांत दोन झाऱ्या, दिवसाला साठ खेपा, अशी अठरा वर्षं. मध्ये एकदा रबरी नळी आणली होती, ती दोन उन्हाळ्यांत तडकून गेली. आता सहदेवचे गुडघे तडकायला लागले होते.

म्हणून या चैत्रात, सन छत्तीसच्या, पेन्शनमधून साठवलेले सव्वादोनशे रुपये घेऊन बाई अंदाजपत्रक मांडून बसल्या. जमिनीखालून नळ, वर चार पितळी फिरते फवारे. टाकीची चावी उघडली की हिरवळ आपली आपण न्हाणार. फवारे छत्तीस रुपये. सांधे, कोपरे, चाव्या साडेसत्तावीस. जानरावची मजुरी पंचवीस. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि नळ मोडते, म्हणून चर खोदून खाली मुरूम, त्याचे चौदा. अडीअडचणीला दहा. उरले एकशे साडेबारा, तेवढ्यात नळ बसवायचा होता. नवा नळ परवडत नव्हता, म्हणून जिनातला जुना. दमडी इकडची तिकडे नाही, असं ते अंदाजपत्रक होतं.

हरवलेल्या नळाची किंमत नऊ रुपये. ते अडीअडचणीच्या दहांतून निघाले असते. पण सहदेवच्या नावाचं काय? वलगावात त्याच्या भावाचा फुलांचा मळा, देवळाला रोज हार त्याच घरचे. घरावर चोरीचा ठपका बसला की त्या घरची फुलं देवाला कोणी घेणार नव्हतं. पिढ्यांची सेवा एका फिर्यादीनं तुटणार होती.

आणि बाईंवर सहदेवचं ऋण होतं. एन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांचे पती गेले, त्या स्वतः तापानं फणफणल्या, आणि नात्यागोत्यातलं माणूस फाटकाशी फिरकेना. आठवड्यापूर्वी कामावर लागलेला हा माळी एकोणीस दिवस रोज सकाळी दारात पाण्याची घागर आणि पेज ठेवून जात होता. पेजेचं ऋण कधी फिटत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी जानरावला पुन्हा हाक मारली.

"तुझी फीत खरी कशावरून?"

जानरावनं न रागावता बाईंची शाळेतली फूटपट्टी फितीला लावून दाखवली. तंतोतंत. मग दोघं निंबाकडे गेले. मापाची अंबाडीची दोरी टोकाला दगड बांधून दोन-तीन फांद्यांवरून टांगलेली होती, ती गुंतू नये म्हणून सहदेव नेहमी अशीच ठेवायचा. दर फुटाला एक गाठ, दर पाच फुटांना लाल चिंधी. या गाठी दोन वर्षांपूर्वी दुर्गाबाईंनीच पट्टी लावून मारलेल्या. उन्हानं दोरी भुरकी पडली होती, गाठींच्या पोटात तेवढी कुठे कुठे पिवळट झाक होती.

जानरावनं दोरीला फीत लावली.

"पन्नास फूट. सूतभर इकडं नाही, तिकडं नाही."

दुर्गाबाईंनी दोरीचं टोक सोडून दिलं. दोरी खोटी निघेल अशी त्यांना आशा होती. छपरीत जाऊन त्यांनी नळांवरून हात फिरवला, तर राखाडी लोखंडावर ओळीनं पिवळे ठिपके.

"गंज असन," जानराव म्हणाला.

फीत खरी होती, दोरीही खरी होती. मग खोटा एकच उरत होता, आणि त्याचं नाव मनात आणायला बाईंचं मन धजत नव्हतं.

३

मंगळवारी सकाळी दुर्गाबाई एकट्याच आगगाडीनं अकोल्याला गेल्या. नळ विकणारा गोवर्धन मोडीच्या ढिगाऱ्यात खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या तोंडात पान होतं आणि पायाशी जिनाची अख्खी चरखी पडली होती.

"चोवीस फूट? बाई, मी नळ वजनानं घेतो अन् फुटानं विकतो. किती फूट हाय ते मले बी ठाऊक नसते. माप घेणाऱ्याचं, हा आपला कायदा. तुमच्या माळीबुवानं सहा दोऱ्या सांगितल्या, मी सहा दोऱ्याचे पैसे घेतले."

"माप घेताना मी आत होते. तुम्ही समोर होतात?"

"निंबाखाली बसून पाणी पिऊन राह्यलो होतो. सारे नळ कुंपणाच्या कडेनं एकापुढं एक मांडले त्यानं, अन् वरून दोरी ताणली. लय भक्तिभावानं मोजे, बाप्पा! दर दोरीले हात जोडे. मी म्हटलं, नळ हाय का नागोबा हाय?"

बाईंना हसू आलं नाही. "रेल्वेची बिल्टी आहे?"

गोवर्धननं खिळ्याला अडकवलेल्या कागदांतून बिल्टी काढली. अकोला ते अमरावती, लोखंडी नळ, पाच मण सव्वीस शेर.

बाईंनी आकडा वहीत उतरवला आणि गोवर्धनला गुरुवारी अमरावतीला यायला सांगितलं. तो यायला लगेच तयार झाला. लबाड माणूस इतक्या लवकर हो म्हणत नाही, असं बाईंना वाटलं. पण गोवर्धन सरळ, तर वाकडा कोण? अकोला सुटल्यापासून बडनेरा येईपर्यंत त्या खिडकीशी बसून होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याला मोह पडलाच असेल तर? तो विचार त्यांनी झटकला, पण एकदा येऊन गेला तो गेलाच.

४

दुपारी घरी पोचताच बाईंनी सगळे नळ बंडीत घालून भाजीबाजारातल्या आडत्याच्या काट्यावर पाठवले. सोबत जानराव, आणि बाईंच्या हट्टामुळे महादेवराव. आडत्याला वांग्या-कांद्यांच्या जागी लोखंड आलेलं बघून मौज वाटली. त्यानं दोनदा तोललं.

"पाच मण सव्वीस शेर."

दुर्गाबाईंनी बिल्टीचा आकडा दिरांपुढे धरला. "भाऊजी, अकोल्याहून निघालं तेवढंच आज आहे. छपरीतून तुकडाही हललेला नाही. चोरी झालीच नाही!"

महादेवरावांनी चष्मा सारखा केला, आकडे ताडून पाहिले आणि हळूच हसले.

"म्हणजे वहिनी, पहिल्यापासूनच दोनशे शहात्तर फूट होतं. तरी सहदेवनं तीनशे सांगितलं. दोरी खरी आहे, तुम्हीच तपासली. मग एकच अर्थ. अकोलेवाल्याशी संगनमत. नऊ रुपयांतले निम्मे याचे, निम्मे त्याचे. ही तर साध्या चोरीपेक्षा वाईट. चोर अंधारात नेतो, यानं तुमच्या विश्वासावर अंगठा उठवला."

आगीतून निघून फुफाट्यात, असं झालं. बाईंनी जे हत्यार सहदेवला वाचवायला आणलं तेच त्याच्यावर उलटलं. हातात फक्त बुधवार उरला होता.

५

बुधवारी सकाळी सहदेवची बायको माणिकबाई आली. दोघं बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहत. रोज ती आधी फुलांची परडी देवघरात ठेवी आणि मग कॅम्पात विकायला निघे. आज तिनं परडी ओसरीच्या पायरीवर आदळली.

"चोराच्या घरचे फुलं तुमच्या देवाले चालते काय, ते आधी सांगा!"

"माणिकबाई, बस."

"नाही बसत. माहा बुढा चार घास जेवला नाही दोन दिवसापासून. तुमचे दीर म्हणते, बंडीत नळ नेला. सांगू काय होतं बंडीत? पाच शेर तांदूळ, गूळ, दाय, अन् केळीचे पानं! वलगावच्या देवळात पाच जोडप्याची पंगत बसवली त्यानं. तुमच्या नावानं!"

दुर्गाबाई चिडल्या की पुस्तकी मराठी विसरत. गलबलल्यावरही विसरतात, हे त्यांचं त्यांनाच आज कळलं.

"माह्या नावानं? कावून?"

"कावून म्हणजे? झाऱ्या सुटल्या ना त्याच्या! अंदाजपत्रक केलं ते कोणासाठी केलं, ते काय समजत नाही त्याले? बाईले उदंड आयुष्य दे म्हणून नवस केला. अन् देवासाठी केलेलं बोलून दाखवलं का पुण्य जाते म्हणते, म्हणून तोंड शिवून बसला हाय. शुक्रवारी सांजच्यान दोरी बी घरी घेऊन आला."

"दोरी? कशाला?"

"आमच्या घरची रीत हाय. शुभकामाले कोरडी दोरी नाही लावत. विहीर खोदा का मळा आखा, दोरी हळदीच्या पाण्यात बुडवून ठेवाची अन् तशीच ओली कामावर न्याची. हळदीनं हात पिवळे झाले त्याचे, ते धुवाले बी तयार नव्हता."

दुर्गाबाई ताडकन उठल्या. टेबलावरची फूटपट्टी घेऊन त्या अनवाणीच छपरीकडे धावल्या. मागून माणिकबाई ओरडत होती, "अवं बाई, काय झालं वं?"

छपरीच्या सावलीत नळांवरचे पिवळे ठिपके तसेच होते. बाईंनी एक ठिपका बोटानं घासून नाकाशी नेला. मग दोन ठिपक्यांमध्ये पट्टी धरली. पुढच्या दोघांमध्ये धरली. दहा ठिकाणी धरली आणि जमिनीवरच बसून त्या घळाघळा रडल्या.

६

गुरुवारी महादेवराव फिर्यादीचा कागद खिशात घालूनच आले. बाईंनी बुधवारीच गाडीनं धाडलेलं पत्र मिळून गोवर्धन अकोल्याहून आला होता, जानराव होता, सहदेव आणि माणिकबाईही होती. सगळे नळ कुंपणाच्या कडेनं एकापुढं एक मांडलेले होते.

"भाऊजी, आज माप तुम्ही घ्या," दुर्गाबाई म्हणाल्या आणि हौदात कालपासून बुडवून ठेवलेली दोरी त्यांनी दिरांच्या हातात दिली. "तुमच्यावर कोणाचा संशय नाही ना?"

महादेवरावांनी धोतराचा सोगा खोचला. एक दोरी, दोन दोऱ्या, गाठी मोजत मोजत सहा. सहावी दोरी शेवटच्या नळाच्या टोकाशी बरोबर संपली. महादेवराव उभे राहिले, मागे बघितलं, पुढे बघितलं.

"तीनशे? चोवीस फूट आला कुठून?"

"जानराव, आता दोरीलाच फीत लाव."

जानरावनं लावली आणि आ वासला. "शेचाळीस फूट! बाई, सोमवारी हीच दोरी पन्नास होती!"

"सोमवारी ती दोन दिवस उन्हात वाळलेली होती, दगडानं ताणलेली होती. पावसाळ्यात बाजेची दोरी आवळते हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्यातल्या एकालाही कळलं नाही, कारण आम्ही गाठी मोजत होतो. गाठी आहेत तितक्याच राहतात, त्यांच्यातलं अंतर आटतं. शनिवारी दोरी ओली होती. सहा वेळा चार फूट, चोवीस."

"ओली होती हे कशावरून? हे तुम्ही आज ठरवलंत," महादेवराव म्हणाले. तहसीलदारी सहज सुटत नाही.

"नळानंच लिहून ठेवलंय." बाईंनी त्यांच्या हातात फूटपट्टी दिली. "हे पिवळे ठिपके हळदीचे आहेत. दोरी हळदीच्या पाण्यातली होती, प्रत्येक गाठ टेकली तिथे डाग पडला. दोरीवरची हळद उन्हानं उडाली, छपरीतल्या सावलीत नळांवरची राहिली. दोन गाठींमध्ये बारा इंच पाहिजेत. तुम्ही मोजा."

महादेवराव वाकले. त्यांनी पाच जागी मोजलं आणि प्रत्येक जागी अकराच इंच भरले.

सहदेवच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "म्हणजे माहीच चुकी झाली, बाई. देवाचं कराले गेलो अन् तुमचं नुकसान केलं."

"चुकी?" दुर्गाबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुमी माह्यासाठी नवस केला. ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं म्हणून पुण्य गेलं असन, तं माह्या वाट्याचं घ्या. अन् एक सांगतो तुमाले. मंगळवारी गाडीत बसून घटकाभर मीही तुमच्यावर संशय घेतला. ज्यानं मले मरणातून काढलं त्याच्यावर. मले माफ करा, सहदेवभाऊ."

"अवं बाई, असं नोका म्हणू," सहदेव घाबरून म्हणाला. "घटकाभरच ना? बाकी अठरा वर्षं तं तुमी इस्वासच ठेवला."

दुर्गाबाईंनी पदरानं डोळे पुसले. कृतज्ञता आपण मांडायची आणि ती समोरच्यानंच आपल्या पदरात टाकायची, असा हा माणूस.

गोवर्धन मात्र उठून फाटकापाशी गेला आणि बंडीतून चार तुकडे ओढून घेऊन आला. "बाई, तुमचं पत्र काल सांजच्याले भेटलं. कमी भरलेल्या चोवीस फुटाचे पैसे वापस देऊन तुमचं काम कसं चालन? नळच आणला. आता काय ते मोजून घ्या, कोरड्यानं."

जानरावनं फीत काढून सवयीनं महादेवरावांपुढे धरली. महादेवरावांनी ती घेतली. खिशातला फिर्यादीचा कागद काढून त्यांनी त्याची पाठ कोरी आहे का बघितली, गुडघ्यावर ठेवला आणि पेन्सिल सरसावली. मग फीत त्यांनी सहदेवच्या हातात दिली. उभ्या आयुष्यात त्यांनी या माळ्याला नुसतं 'ए सहदेव' म्हटलं होतं.

"तुम्ही मोजा, सहदेवभाऊ. मी लिहितो."

सहदेव गुडघ्यावर हात टेकून बसला. त्यानं एकेक तुकडा मोजला आणि आकडा सांगितला. महादेवरावांनी एकदाही मान वर करून बघितलं नाही. तो सांगेल तसं लिहीत गेले.